मीठपाण्याचा गट

महाप्याच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे खिडक्या नाहीत आणि दिवस-रात्र भिंतीवरचं घड्याळ ठरवतं,
मी उंदरांचे पाय मोजते.
कॅलिपरच्या दोन ओठांत मागचा पंजा.
दाबायचा नाही, नुसता टेकवायचा.
एक पूर्णांक नऊ.
दोन पूर्णांक चार.
सदतीस नंबर: तीन पूर्णांक सहा.
हसुराम आकडा लिहितो आणि पुन्हा म्हणून दाखवतो,
उधारी वाचावी तसा.

एकविसाव्या दिवशी दुसरी सुई दिली होती,
कोंबडीच्या कूर्चेतलं प्रथिन, शेपटीच्या मुळाशी.
तेवढ्यावर शरीर बिथरलं.
परक्याला धरायला शिकलं
आणि घरच्याच सांध्यांवर धावून गेलं.
आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत नवा वॉचमन आला तेव्हा
चौदा वर्षं तिथे राहणाऱ्या मला तो रोज विचारायचा,
कोणाकडे?
राग यायचा नाही त्याचा.
तो काम करत होता.

शेवडे मॅडम म्हणाल्या, काहींना शिकवलेल्या पेशी देऊ,
काहींना नुसतं मीठपाणी.
कोणाला काय, ते पाकिटात बंद. तुला कळायचं नाही.
मोजणाऱ्याला आशा लागली की मिलिमीटर चुकतो.

शिकवलेल्या म्हणजे? हसुरामने विचारलं.
म्हटलं, तूच सांगतोस ना, घणसोलीची तुझी पदीआत्या,
दोन्हीकडून काठ्या उचललेल्या असताना
मधे जाऊन उभी राहायची आणि एकेकाला म्हणायची,
जेवलास का रं?
तशा.
तो पिंजरा पुसत राहिला. मग म्हणाला,
पण आत्याला एकदा काठी बसली होती.
हो, म्हटलं. तेही होतं.

पाय सुजलेल्यांना जाळीपर्यंत उभं राहता येत नाही.
हसुराम त्यांचं खाणं भिजवून खाली ठेवतो.
हे नियमावलीत आहे.
मग बोटाने वाटी जराशी त्यांच्याकडे सरकवतो,
ते नाही.

सकाळी सव्वासहा ते साडेसात माझी मूठ मिटत नाही.
दुधाच्या पिशवीचा कोपरा मी दातांनी फाडते.
अंगठी डब्यात. आईला सांगितलंय, लॅबमध्ये चालत नाही.
वाशीचे डॉक्टर एकेक सांधा दाबून विचारतात, दुखतं?
अठ्ठावीसपैकी अकरा.
सदतीसला कोणी विचारत नाही.
तो पंजा मागे ओढतो, तेवढंच.

छत्तिसाव्या दिवशी त्याची सूज उतरायला लागली.
तीन. दोन पूर्णांक पाच. दोन पूर्णांक एक.
एका संध्याकाळी मागच्या पायांवर उभा राहून
त्याने जाळीला नाक लावलं.
मी आकडा सांगितला, आवाज नेहमीचाच ठेवला.
मनात मात्र पाकीट कधीच फोडलं होतं.

एकोणपन्नासाव्या दिवशी हसुराम लवकर येतो.
वायूची पेटी आतून पुसून ठेवतो.
बरे झालेले, न झालेले, सगळेच.
गुडघे काचपट्टीवर जातात, पातळ, गुलाबी-जांभळे,
आणि कूर्चा कुठे कुरतडली, कुठे शाबूत,
ते मोजायलाही मलाच बसवतात.

तीन आठवड्यांनी पाकीट उघडलं.
शिकवलेल्या पेशींच्या गटात सूज सरासरी एक पूर्णांक एकने कमी.
मॅडम हसल्या, खुर्चीतून उठल्याच.
निकाल चांगला होता. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू.
सदतीस: मीठपाणी.
कधी कधी आपोआप उतरते, मॅडम म्हणाल्या,
त्याला आपण काही केलं नव्हतं.
हसुरामने माझ्याकडे पाहिलं,
मग वहीत तो आकडा शोधून त्यावर बोट ठेवून बसला.

रविवारी रात्री आठवड्याची गोळी तळहातावर घेते.
हे मीठपाणी नाही, हे मला पक्कं माहीत आहे.
गिळते.
सकाळी मूठ मिटून बघते.
अर्ध्याच्या थोडी पुढे.
लिहून घ्यायला कोणी नसतं,
तरी म्हणून दाखवते.